करामोजोंग शिकताना आधी 'ङ' पक्का करा

युगांडाच्या ईशान्येला, करामोजोंग भाषा बोलतात त्या मोरोतो-कोतिदो जिल्ह्यांकडे आरोग्याच्या कामासाठी जाणार असाल तर शब्दांची यादी पाठ करण्याआधी एक ध्वनी जिभेवर बसवा. 'अंग' म्हणताना 'ग'च्या आधी नाकात जे घुमतं, तो 'ङ'. आपण तो शब्दाच्या सुरुवातीला कधीच वापरत नाही. तिथे मात्र अनेकवचन त्यावरच उभं आहे: 'आकान' म्हणजे हात, 'ङाकान' म्हणजे हात अनेक. 'ङाकोन्येन' म्हणजे डोळे. पाणी तर कायम अनेकवचनीच, 'ङाकिपि'. जुलाबाच्या पेशंटला हा शब्द दिवसातून दहा वेळा सांगावा लागेल. 'नाकिपि' म्हणू नका.

अवयव सुटे न शिकता स्वतःच्या अंगावर बोट ठेवून शिका. डोक्याला हात लावा, 'आकोउ' म्हणा, समोरच्याकडून दुरुस्त करून घ्या. पोरं हसतील, हसू द्या.

वाक्यात क्रियापद बहुधा आधी येतं, म्हणजे 'डोकं दुखतंय' नव्हे, 'दुखतंय डोकं' अशी रचना. त्यात शब्दाच्या शेवटचे काही स्वर नुसते कुजबुजल्यासारखे, श्वासातच विरतात. पेशंट बोलत असताना मान खाली घालून लिहीत बसलात तर ते निसटतात, तोंडाकडे बघा.

आणि 'एजोक', म्हणजे 'छान', याला तपासणीचं उत्तर समजू नका. आपल्याकडे तापाने फणफणलेला माणूसही आधी 'बरंय' म्हणतोच की! 'एदेके', म्हणजे आजार, हा शब्द वापरून पुन्हा विचारा.