नेतृत्वासाठी लागणारा आत्मविश्वास: मोजायचा कसा, वाढवायचा कसा

‘माझ्यात आत्मविश्वास कमी आहे’ या वाक्याला धरून काहीच करता येत नाही. कोणत्या कामाबद्दल? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘स्व-क्षमतेवरचा विश्वास’ ही कल्पना मांडली: एखादं काम आपल्याला जमेल ही खात्री. ती कामागणिक बदलते. बजेट ठामपणे मांडणारा माणूस सहकाऱ्याला त्याची चूक सांगताना चाचरू शकतो.

म्हणून नेमकी पाच-सहा कामं लिहून काढा, जसं की निर्णय जाहीर करणं, काम वाटून देणं, वाद मिटवणं, वरिष्ठांना नकार देणं. प्रत्येक कामाआधी ‘हे जमेल’ याची खात्री ० ते १०० मध्ये लिहा आणि काम झाल्यावर शेजारी निकाल. वारंवार ९० लिहूनही काम फसत असेल तर आत्मविश्वास वाढवू नका, तयारी वाढवा. ३० लिहूनही जमत असेल तर तुम्ही स्वतःला कमी लेखताय.

सरावाला ४० ते ६० च्या आसपास खात्री असलेलं काम घ्या. फार सोपं यश मिळत गेलं की पहिल्याच अडथळ्याला माणूस गळाठतो. फार अवघड काम घेतलं तर सुरुवातच अपयशाने होते. वाद मिटवायचा असेल तर पहिल्या दिवशी दोघांचं वेगवेगळं ऐकून घ्या, एवढंच. समोरासमोर बसवणं दुसऱ्या दिवशी. आपल्याच पातळीवरचा कोणी हे कसं करतो तेही पाहा. फार मोठ्या माणसाचं पाहून ‘हे त्यांनाच जमतं’ असं वाटण्याचा धोका असतो. कौतुकाचा उपयोग होतो, पण पोकळ कौतुक पहिल्या फटक्यात उतरतं. आणि बोलण्याआधी छातीत धडधडलं म्हणजे आपण नालायक, असा अर्थ लावू नका.

खात्री कमी असलेला नेता एक तर निर्णय लांबवतो, नाहीतर प्रत्येक बारीकसारीक गोष्ट स्वतःकडे ठेवतो. विरोधी मत त्याला हल्ला वाटतं, मग टीम गप्प होते. बाहेरून हे बऱ्याचदा कडकपणासारखं दिसतं, म्हणून ओळखायला उशीर होतो.

उलट टोकाला अतिआत्मविश्वास. त्यावर मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची ‘प्रीमॉर्टम’ पद्धत चांगली: काम सुरू होण्याआधीच ‘हे पूर्ण फसलं आहे’ असं धरून प्रत्येकाने कारणं स्वतंत्रपणे लिहायची, मग एकेक कारण वाचून दाखवायचं. वाचन चालू असताना नेत्याने खुलासे देऊ नयेत. एकाचं कारण खोडलं की पुढचे आपलं कारण सौम्य करून सांगतात.