चिनी हंस पाळताय? या चुका टाळा

चोचीच्या मुळाशी नारिंगी गाठ, लांबसडक मान आणि अंगणभर तोरा. चिनी जातीचा हा पांढरा हंस घरी आणायचा म्हटलं की लोक आधी विचारतात, टाकं केवढं बांधू? विचारायला हवं ते गवताचं. हा पक्षी गुरासारखा दिवसभर चरतो, आणि त्याच्या निम्म्या तक्रारी तो कोंबडी समजून पाळल्यामुळे होतात.

इंदुरात एक खास आपली चूक होते. सकाळचे उरलेले पोहे, वर शेव, जमलं तर जिलबीचा तुकडा! हंस मटामटा खातो, पण मीठ, तेल, साखर त्याला मानवत नाही. पावही नको. हरळी, बरसीम (गुरांचा हिरवा चारा), कोबीची पानं द्या. कापलेलं लांब गवत बारीक चिरूनच, नाहीतर ते गळ्यापाशी अडकतं. लॉनवर औषध फवारलं असेल तर तिथे सोडू नका, आणि कुंपणाची कण्हेर विषारी असते हे विसरू नका.

पिलांच्या बाबतीत चूक महागात पडते. दुकानातून कोंबडीच्या पिलांचा दाणा आणतात, त्यात नायसिन (बी-३ जीवनसत्त्व) हंसाच्या पिलाला पुरत नाही. मग पिलू ढोपरावर बसतं, पाय धनुष्यासारखे वाकतात. ब्रुअर्स यीस्ट (बिअर बनवताना वापरतात त्या यीस्टची पूड) मिसळा, वाटीभर दाण्याला एक मोठा चमचा. औषध मिसळलेला दाणा घेऊ नका.

उलट, फार पौष्टिक खाऊ घातलं तर पंखांचं टोक बाहेर वळतं. पहिले तीन आठवडे २० टक्के प्रथिनं ठीक, पुढे १५-१६ पुरे, आणि चरायला भरपूर. टोक वळायला लागलेलं दिसताच पंख नीट मिटवून मऊ चिकटपट्टीने तीन-चार दिवस बांधा. छाती आवळू नका, श्वास कोंडतो. मोठ्या पक्ष्यात ते सरळ होत नाही. दिसायला वाईट, बाकी त्रास नाही.

पाण्याचं म्हणाल तर पोहायचं टाकं ही चैन आहे. डोकं पूर्ण बुडेल एवढी बादली मात्र लागतेच, कारण नाकपुड्या आणि डोळे तो त्यातच धुतो. डोळ्यांत फेस किंवा चिकटा दिसला की आधी बादली बघा. ती रोज बदला, मे महिन्यात दोनदा, आणि सावलीत ठेवा. हंसाला घाम येत नाही. चोच उघडी, पंख फाकलेले दिसले तर त्याला लगेच सावलीत न्या. चोचीवरच्या गाठीला थंडीत व्हॅसलिन लावायचा सल्ला वाचला असेल, तो बर्फाच्या देशांचा आहे, इंदुरात सोडून द्या.

ओल्या सिमेंटवर ठेवाल तर तळव्याला सूज येऊन काळी खपली धरते. माती किंवा कोरडा पेंढा हवा.

एकटा हंस आणू नका, दिवसभर ओरडेल आणि शेजारी तुमच्याशी बोलणं टाकतील. अंडी घालायच्या दिवसांत नर अंगावर येतो, तेव्हा पाठ फिरवून पळू नका. हिवाळ्यात तळ्यांवर उतरणारे डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस कुणी विकत असेल तर घेऊ नका. तो पक्षी १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे.

खाणं सोडलं, मान टाकली किंवा पाय सुजला, तर कोंबडीचं औषध अंदाजाने पाजू नका. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इंदुराहून तासाभरावर आहे. हंसाला टोपलीत झाकून न्या, बरोबर त्याचा दाणाही दाखवायला घ्या.