चेंबरमध्ये गोळी ठेवून पिस्तूल बाळगायचं का? परवानाधारकांनो, या चुका टाळा

माझे मोठे दाजी खानापूर तालुक्यात काजूचा व्यवहार करतात. हंगामात रोकड घेऊन जांबोटी-कणकुंबीकडनं रात्री-अपरात्री परतावं लागतं, म्हणून त्यांनी रीतसर परवाना काढून .३२ बोअरचं पिस्तूल घेतलं. दोन वर्षांमागे पावसाळ्यात मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. जेवणं झाली होती, ताटं अजून उचलायची होती. दाजी पलंगावर बसून पिस्तूल रिकामं करायला लागले. आधी स्लाइड, म्हणजे वरचा मागं-पुढं सरकणारा भाग, ओढली. चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला झाडायला तयार बसलेली, गोळी टणकन फरशीवर पडून पाटाखाली घरंगळली. मग त्यांनी मॅगझीन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी, काढून उशीवर ठेवलं. "झालं बघ गा रिकामं," म्हणाले, आणि नळी वर करून ट्रिगर दाबला.

कानठळ्या बसल्या. कौल फुटून त्याचे तुकडे आमटीच्या वाटीत पडले. दोन्ही भाचरं एरवी त्याच माळ्यावर झोपतात. त्या आठवड्यात ती आजोळी गेली होती.

दाजींची चूक एवढीच की क्रम उलटा झाला. मॅगझीन आत असताना स्लाइड ओढली की पहिली गोळी बाहेर पडते आणि स्लाइड परत जाताना दुसरी गोळी चेंबरात ढकलते. नंतर मॅगझीन काढलं तरी ती दुसरी गोळी तिथंच बसून राहते. डोळ्यांसमोर एक गोळी पडलेली असते, हातात मॅगझीन असतं, त्यामुळे माणसाला वाटतं की आता काहीच उरलं नाही.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत सतरा वर्षं काढली. निवृत्तीनंतर बेळगावात राहतो, आणि ओळखीतले परवानाधारक एकच प्रश्न विचारतात: "चेंबरमध्ये गोळी ठेवू का नको?" माझं उत्तर आधीच सांगतो. आपल्या भागातल्या साध्या परवानाधारकानं, म्हणजे व्यापारी, शेतकरी, ठेकेदार, पेट्रोलपंपवाला यांनी, पिस्तूल बाळगताना चेंबर रिकामं ठेवावं. मॅगझीन भरलेलं, चेंबर रिकामं.

याच्या उलट बोलणाऱ्यांचं म्हणणंही खोटं नाही. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांतले डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं की चाकू घेतलेला धडधाकट माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. तेवढ्यात पिस्तूल काढायचं, स्लाइड ओढायची, नेम धरायचा, हे जमत नाही. शिवाय स्लाइड ओढायला दोन हात लागतात. एका हातानं हल्लेखोराला ढकलत असाल, हात पावसानं किंवा रक्तानं ओला असेल, तर स्लाइड निसटते, अर्धवट ओढली जाते, गोळी अडकते. हे सगळं खरं आहे. म्हणूनच तिकडचे बहुतेक प्रशिक्षक गोळी चेंबरमध्येच ठेवा म्हणतात.

पण ते ज्याला सांगतात तो माणूस नियमित गोळ्या झाडून सराव करणारा धरलेला असतो. त्याच्याकडे पिस्तुलाच्या मापाचं कडक होल्स्टर, म्हणजे हत्याराचं म्यान, असतं, ज्यात ट्रिगर पूर्ण झाकला जातो. त्याचं पिस्तूल नव्या घडणीचं असतं आणि आत फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आपटून बार करणारी सळई, अडवणारा ब्लॉक असतो, म्हणजे ट्रिगर दाबल्याशिवाय पिन पुढं जात नाही. आपल्याकडे काय आहे? ९ एमएम हे प्रतिबंधित बोअर (नळीचं माप), ते सामान्य माणसाला मिळत नाही. मिळतं ते .३२ चं. काडतुसं मोजून मिळतात आणि महाग पडतात, त्यामुळे वर्ष-वर्ष एकही गोळी न झाडलेले परवानाधारक मी पाहिलेत. वडिलांच्या नावावरून आलेली, चाळीस वर्षं जुनी हत्यारंही बरीच आहेत. अशा जुन्या घडणीच्या अनेक पिस्तुलांत तो ब्लॉक नसतोच. चेंबर भरलेलं असेल आणि हत्यार नळीवर आपटून पडलं, तर गोळी सुटू शकते. विक्रेत्याला नाहीतर आर्मररला, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याला, हा प्रश्न स्पष्ट विचारा: "हे पडलं तर सुटतं का?" उत्तर नीट मिळालं नाही, तर सुटतं असंच धरून चाला.

आज भरलेलं, उद्या रिकामं

माझ्या मते सगळ्यांत घातक चूक ही आहे. चेंबर भरून ठेवणाऱ्याला त्याचं पिस्तूल भरलेलं आहे हे ठाऊक असतं, तो जपून हाताळतो. पण बाजाराला जाताना रिकामं, रोकड असेल त्या दिवशी भरलेलं, घरी आल्यावर कधी काढलं कधी राहिलं, असं करणाऱ्याला महिन्याभरात स्वतःलाच सांगता येत नाही की आत्ता आत काय आहे. "मी काल काढली होती बहुतेक" हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो.

एक स्थिती ठरवा आणि कधीच बदलू नका. वाटेत, गाडीत, दुकानात कुठंही असा, चेंबर रिकामं म्हणजे रिकामं. घरी आल्यावर मॅगझीनही बाहेर आणि हत्यार कुलपात.

रोज भरण्या-काढण्यात आणखी एक तोटा आहे, जो फार कमी लोकांना माहीत असतो. तीच गोळी रोज चेंबरात ढकलली की तिचं टोक दर वेळी धडकतं आणि शिसं पुंगळीत थोडं थोडं आत सरकतं. गोळी आखूड होते, आतली जागा कमी होते आणि झाडताना दाब धोकादायक वाढू शकतो. संशय असेल तर ती गोळी डब्यातल्या कोऱ्या गोळीशेजारी टेबलावर उभी करून बघा. एक केसभर बुटकी दिसली तरी ती वापरायची नाही.

रिव्हॉल्व्हरला पिस्तुलाचा नियम लावणं

इथं जरा सावकाश वाचा, कारण या एका गैरसमजानं माणसं मरू शकतात.

आपल्याकडे बऱ्याच जणांकडे सरकारी कारखान्याची .३२ ची सहा घरांची, म्हणजे फिरत्या चक्रीत सहा गोळ्यांच्या खोबणी असलेली, रिव्हॉल्व्हर आहे. लोक म्हणतात, "मी एक घर रिकामं ठेवतो, म्हणजे चुकून ट्रिगर दाबला तरी पहिला बार फुसका." आणि ते रिकामं घर घोड्याखाली (घोडा म्हणजे ट्रिगर नव्हे, मागून काडतुसावर पडणारी हातोडी), नळीच्या रेषेत ठेवतात. रिव्हॉल्व्हरमध्ये ट्रिगर ओढायला लागला की आधी चक्री फिरते आणि मगच घोडा पडतो. म्हणजे घोड्याखालचं रिकामं घर बाजूला सरकतं आणि शेजारचं भरलेलं घर नळीसमोर येतं. पहिल्याच दाबाला गोळी सुटते.

मग घोड्याखाली रिकामं घर ठेवण्याचा उपयोग काय? हत्यार पडण्यापासून संरक्षण. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याचं टोक थेट काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे बुडाच्या ठिणगी देणाऱ्या भागावर, टेकलेलं असू शकतं. हत्यार घोड्यावर आपटलं की त्या धक्क्यानंच बार होतो. घोड्याखाली घर रिकामं असेल तर होत नाही. म्हणून जुनी रिव्हॉल्व्हर असेल तर सहाऐवजी पाचच गोळ्या भरा आणि रिकामं घर घोड्याखाली ठेवा, पण ट्रिगरपासून ते तुम्हाला वाचवणार नाही हे पक्कं लक्षात असू द्या.

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटेची अभिनेते गोविंदा यांची बातमी सगळ्यांना आठवत असेल. मुंबईत घरी कपाटात ठेवताना परवान्याची रिव्हॉल्व्हर हातातून पडली आणि गोळी त्यांच्या पायात घुसली. घरात शत्रू नव्हता, भांडण नव्हतं. ते प्रवासाला निघायच्या गडबडीत होते, इतकंच. ती बातमी आल्यावर आमच्या गल्लीतल्या एका मामांनी मला फोन करून विचारलं, "माझी तशीच आहे काय रे?" मी जाऊन बघितलं. सहाही घरं भरलेली, घोडा टोपीवर टेकलेला, आणि रिव्हॉल्व्हर देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर.

कमरेला नुसतं खोचणं

हे कायद्यानंही चालत नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर बाळगायचं तर ते होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच्या पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असलं पाहिजे. शर्ट वर करून मूठ दाखवणं हा तर सरळ गुन्हा.

पण मला होल्स्टरबद्दल वेगळंच सांगायचंय. आपल्या पावसात चामडं टिकत नाही. जून ते सप्टेंबर खानापूर भागात बुरशी धरते, चामडं मऊ पडतं आणि तोंडाशी आत दुमडतं. पिस्तूल परत आत सरकवताना ती दुमड ट्रिगरच्या कडीत शिरते आणि बोटासारखी ट्रिगर दाबते. गोळी जाते मांडीत. तिथली मोठी रक्तवाहिनी फुटली तर जांबोटीहून बेळगावचं हॉस्पिटल गाठेपर्यंत वेळ उरत नाही. होल्स्टर अंगठ्यानं दाबून बघा. तोंड मिटत असेल तर ते फेकून द्या. शर्टाचं टोक, जॅकेटची दोरी, किल्ल्यांचा जुडगा, यांतलं काहीही तेच काम करू शकतं. हत्यार परत ठेवताना घाई कसलीच नसते, तेव्हा खाली बघून, बोट बाहेर ठेवून, सावकाश ठेवा.

गाडीत बसलं की पोटाला टोचतं म्हणून कमरेचं काढून डॅशबोर्डमध्ये, उतरताना परत कमरेला, हेही बंद करा. हत्याराला जितक्या वेळा हात लागेल तितक्या वेळा चुकायची संधी.

बाची ओलांडली की शिनोळी

आपण सीमाभागातली माणसं. सोयरीक चंदगडात, बाजार बेळगावात, देवदर्शन कोल्हापुरात, सुट्टीला गोवा. वेंगुर्ला रोडनं बाची ओलांडली की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. कोगनोळी नाका ओलांडला की कागल. चोर्ला घाट उतरला की गोवा. आपल्याला ही हद्द जाणवतही नाही, पण परवान्याला जाणवते. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं: जिल्हा, राज्य, किंवा अखिल भारत. कर्नाटकापुरता परवाना असेल तर शिनोळीच्या लग्नात कमरेला पिस्तूल घेऊन जाणं हा शस्त्र कायद्याखालचा गुन्हा ठरतो, चेंबर रिकामं असलं तरी. आज घरी गेल्यावर परवाना काढून ती ओळ वाचा.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर एवढंच: वरातीत हवेत बार काढणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि वर गेलेली गोळी कुठंतरी खाली येतेच.

खंडेनवमीचा पाट

खंडेनवमीला आपण शस्त्रं पुजतो. तलवार, कोयता, विळा, आणि ज्याच्याकडे आहे तो बंदूक-पिस्तूलही पाटावर मांडतो. मीही मांडतो. पण त्या दिवशी घर भरलेलं असतं, पोरं पाटाभोवती असतात, झेंडू उचलायला हात घालतात. पुजेचं हत्यार आदल्या रात्रीच रिकामं करा, स्लाइड मागं अडकवून किंवा चक्री उघडून पाटावर ठेवा, म्हणजे रिकामं असल्याचं कुणालाही लांबून दिसेल. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. नळीच्या तोंडाला कुंकू लावू नका, मुठीला लावा. अक्षता आणि ओलं कुंकू नळीत गेलं की गंज धरतो, आणि खोबरेल तेलानं पुसलं तर ते पुढं चिकट होऊन भाग जाम करू शकतं.

रिकामं करायची रीत

पलटणीत गार्डवरनं उतरलं की हत्यार रिकामं करून "जाँच शस्त्र", म्हणजे हत्याराची तपासणी, व्हायची, आणि दुसरा माणूस चेंबरमध्ये डोकावल्याशिवाय सुट्टी नव्हती. घरातही हे करता येतं.

बोट ट्रिगरच्या बाहेर. नळी वाळूच्या बादलीकडे. आधी मॅगझीन काढून खिशात घाला, शेजारी ठेवू नका. मग स्लाइड तीन वेळा पूर्ण ओढा. उडणारी गोळी हवेत झेलू नका आणि स्लाइडवरच्या, गोळी बाहेर पडायच्या खिडकीवर तळवा ठेवू नका, कारण ती टोपीवर आपटून हातातच फुटू शकते. पडू दे खाली. मग स्लाइड मागं अडकवून आत बघा, आणि उजेड कमी असेल तर करंगळीचं टोक चेंबरात घालून चाचपा. खात्रीसाठी म्हणून ट्रिगर दाबायची सवय सोडा. दाजींनी खात्रीच करून घेतली होती.

हे सगळं निवडणुकीच्या वेळी हत्यार जमा करायला निघण्याआधी घरीच करायचं. २०२३ च्या विधानसभेला आणि २०२४ च्या लोकसभेला दोन्ही वेळा मी ओळखीच्यांसोबत जमा करायला गेलो. दोन्ही वेळा कुणीतरी भरलेलं पिस्तूल ठाण्याच्या टेबलावर आणून तिथंच खटाखट करायला लागला, आणि रांगेतली माणसं भिंतीला चिकटली.

दाजींच्या माजघरात आता दाराच्या मागं मलप्रभेच्या वाळूची एक जुनी बादली आहे. दाजी पिस्तूल रिकामं करतात तेव्हा ताई हातातलं काम टाकून येते, चेंबरात डोकावते आणि "बघितलं" म्हणते. ती म्हणेपर्यंत कपाट उघडत नाही.