बे एरियात नवीन आलात? चिकन धुऊ नका आणि हाडं सिंकमध्ये टाकू नका

मला इथे, कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या या भागात, येऊन सतरा वर्षं झाली. दरवर्षी नवीन मुलंमुली घरी जेवायला येतात आणि किचनमध्ये मदतीला उभी राहिली की पहिलं काम काय करतात तर चिकनचं पाकीट फोडून सगळं नळाखाली धरतात. आपल्याला सवयच तशी आहे, गावाकडे दुकानदार समोर कापून देतो, पिसं रक्त लागलेलं असतं, घरी आणून तीन पाणी धुतल्याशिवाय आईला चैन पडत नाही. इथलं पॅक चिकन साफ करूनच येतं आणि धुऊन साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे पोट बिघडवणारे जंतू काही जात नाहीत, उलट तंगडीवरून उडालेले बारीक थेंब शेजारी निथळत ठेवलेल्या कोथिंबिरीवर जाऊन बसतात, आणि ती कोथिंबीर आपण कच्चीच खातो.

माझ्या पहिल्या गटारीला मी हेच केलं होतं. चिकन धुतलं, कापलं, बोर्डावरून नुसतं पाणी फिरवलं आणि त्याच्यावरच काकडी चिरली कोशिंबिरीला. तीन दिवसांनी आमच्यातले तिघं जुलाब आणि तापाने आडवे, त्यातली एक पाच महिन्यांची गरोदर होती. तिला सलाईन लावावं लागलं तेव्हा हॉस्पिटलमध्ये बसून मला जे वाटलं ते तुमच्यावर येऊ नये म्हणून हे सगळं लिहितेय.

तर पाकीट सिंकमध्ये ठेवून फोडा, खालचा रक्त शोषलेला पॅड आठवणीने काढा (तो मांसाला चिकटून भांड्यात जातो, मी पाहिलंय), पेपर टॉवेलने तुकडे टिपा आणि सरळ हळद, मीठ, लिंबू चोळा, वास जातो. मॅरिनेट करायचं ते फ्रिजमध्ये, ओट्यावर नाही, आणि फ्रिजमध्ये पण सगळ्यात खालच्या कप्प्यात, खोलगट डब्यात. फ्रीझरमधलं चिकन आदल्या दिवशी खाली फ्रिजमध्ये काढून ठेवा, घाई असेल तर पिशवीसकट गार पाण्यात, दर अर्ध्या तासाने पाणी बदलून. चिकनचा बोर्ड वेगळाच ठेवा. हात साबणाने वीस सेकंद, आणि नळाची मूठ आणि मसाल्याच्या डब्याचं झाकण पण पुसायचं, ते कुणाच्या लक्षात येत नाही.

रश्श्याची मला एवढी काळजी नाही, तो चांगला खदखदतो. काळजी ओव्हनमधल्या तंदुरीची, वरून करपते आणि हाडाजवळ कच्ची राहते. रंगावर जाऊ नका, थर्मामीटर घ्या, जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसायचा, 165 फॅरनहाइट दिसलं पाहिजे. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये.

आता कचरा. सिंकखालचं ते दळणारं यंत्र बघून नवीन माणसाला वाटतं सगळं त्यात ढकलावं. हाडं, भात, मेथीचे देठ, बटाट्याची सालं अजिबात नाही. भात फुगतो, देठाचे धागे गुंडाळतात, आणि तवंगाचं तेल पाइपात थिजलं की अपार्टमेंटमध्ये खालच्या मजल्यावरच्यांच्या सिंकमधून पाणी वर येतं. तेल गार करून जुन्या डब्यात भरून ठेवा. आणि यंत्रात काही अडकलं तर हात घालू नका, आधी स्विच बंद.

कॅलिफोर्नियात 2022 पासून एसबी 1383 कायद्याने खरकटं वेगळं काढावं लागतं, कारण ते डंपिंगमध्ये कुजून मिथेन हा हवा तापवणारा वायू होतो. आमच्या फ्रीमॉन्टला हिरव्या डब्यात हाडंसुद्धा चालतात, सनीवेलला कचऱ्याच्या डब्यातच खरकट्यासाठी पिवळा वेगळा भाग आहे, म्हणून आपल्या शहराच्या साइटवर एकदा बघाच, पिशवी कुठली चालते तेही बघा. चिकनचा प्लास्टिक ट्रे आणि तो पॅड मात्र साध्या कचऱ्यात.

उन्हाळ्यात हाडं आठवडाभर डब्यात राहिली तर अळ्या होतात. मी ती कागदी पिशवीत घालून फ्रीझरच्या कोपऱ्यात ठेवते आणि गाडी यायच्या आदल्या रात्री बाहेर टाकते. रूममेटला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो उघडून बघेल.