नव्या आशाताईसाठी: चौदाव्या दिवसाची गोष्ट आणि बाकी काही

ग्रामसभेत नाव पक्कं झालं की दुसऱ्या दिवशी नवी आशा मला हमखास विचारते, "ताई, पगार किती?"

पगार नाही गं बाई. तो शब्दच आपल्या कागदांत नाही. आपल्याला मिळतो तो मोबदला. २००५ साली केंद्र सरकारने गावच्या आरोग्यासाठी आशा योजना आणली तेव्हापासून आपण कागदोपत्री स्वयंसेविका. साधारण हजार लोकसंख्येमागे एक बाई, आणि ती त्याच गावात नांदणारी. बाळाच्या घरच्या सगळ्या भेटी पुऱ्या केल्या की २५० रुपये, अशी कामागणिक रक्कम, आणि त्यावर केंद्राचे नि राज्याचे महिन्याचे ठरलेले पैसे. २०२३ च्या आपल्या संपानंतर राज्याने महिन्याला ५,००० रुपये वाढवले. मार्च २०२४ मध्ये त्याचा शासन निर्णय निघाला. ही वाढ रस्त्यावर बसून मिळालेली आहे. म्हणून संघटनेची वर्गणी द्यायला कुरकुर करू नकोस. पैसे दर महिन्याला वेळेवर येतील असं धरून कशाचा हप्ता लावून घेऊ नकोस. मी दोन शेळ्या अजून विकल्या नाहीत, त्याचं कारण हेच.

मी २०१० पासून हे काम करते. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातलं गाव, वेळापूरच्या रस्त्यापासून थोडं आत. नीरा उजव्या कालव्याचं पाणी, त्यामुळे ऊसच ऊस. गावठाणात निम्मीच घरं, बाकी सगळे मळ्यात, वस्त्यांवर. सासर माळकरी. आषाढात माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस करत वेळापुरात येते तेव्हा आमच्या घरात चूल बंदच होत नाही.

पहिले तीन महिने रजिस्टर सोड, नुसती चाल. प्रत्येक वस्तीवर जा, आणि कोणी आजारी नसताना जा. नव्या मुली इथेच चुकतात. लसीकरणाच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा दारात उभ्या राहतात, हातात यादी. घरातली माणसं यादीकडे बघतात, तुझ्याकडे नाही. त्यापेक्षा भुईमुगाच्या शेंगा तोडायला बस अर्धा तास. कुणाच्या घरात सून नवी आहे, कुणाची मुलगी बाळंतपणाला माहेरी येणार आहे, कुणाचा म्हातारा रात्रभर खोकतो, हे सगळं शेंगा तोडता तोडता कळतं. पिठाच्या गिरणीवर त्याहून लवकर कळतं.

सुनेशी बोलायचं असेल तर आधी सासूशी बोल. हे मला प्रशिक्षणात कुणी सांगितलं नाही. दिवस राहिल्याची नोंद बारा आठवड्यांच्या आत व्हायला हवी, आणि आपल्याकडे तर तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला सांगत नाहीत, दृष्ट लागते. त्या समजुतीची चेष्टा केलीस तर त्या घरात परत चहा मिळणार नाही. मी सासूला म्हणते, "मावशी, गावाला नका सांगू, फक्त मला सांगा. मी कुणाला बोलले तर माझा उंबरा बंद करा." आणि मग खरंच कुणाला बोलायचं नाही, नवऱ्यालाही नाही. क्षयरोगाच्या पेशंटकडे मी गोळ्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून नेते. गावात एकदा कळलं की अमक्याच्या घरी आशाताई का जाते, तर त्या घरच्या मुलीचं लग्न अडतं. गोळ्या पुऱ्या सहा महिने घेतल्या जाव्यात म्हणून तोंड बंद ठेवायचं, इतकं साधं गणित आहे.

पिशवीचंही सांगते. थर्मामीटर, झोळीचा वजनकाटा, सेकंदकाटा असलेलं घड्याळ. काट्याला झोळी अडकवून आधी शून्यावर येतो का बघ, मग बाळ ठेव. अडीच किलोच्या आतलं बाळ म्हणजे कमी वजनाचं, त्याच्याकडे जास्त फेऱ्या. श्वास मोजताना बाळ शांत असलं पाहिजे आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण लहान बाळ मध्येच श्वास थांबवतं, मध्येच भरभर घेतं. मिनिटाला साठ किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोज. पुन्हा तेवढेच आले तर गाडी बोलव. अंग ९७ अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं तर बाळ गार पडलंय. आईच्या उघड्या छातीशी लावून वरून पांघरूण घालायचं.

घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची ही पद्धत आपल्याच राज्यात घडली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून ३९ गावांत ती करून दाखवली, आणि १९९९ साली लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात त्याचा निबंध आला. त्याच्याही आधी, १९७० पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी फारशा न शिकलेल्या बायकांना गावाच्या आरोग्याचं काम शिकवलं. कुणी तुला म्हणालं, "दहावी शिकलेल्या बाईला काय कळतं?" तर हे लक्षात असू दे. पण त्याची दुसरी बाजूही लक्षात ठेव: आपण डॉक्टर नाही. सुई टोचायची नाही, सलाईन लावायचं नाही, कुणी कितीही हात जोडले तरी. ओळखायचं आणि वेळेत पोचवायचं, एवढीच आपली विद्या.

आता चौदाव्या दिवसाचं.

दवाखान्यात बाळंतपण झालं की आपल्या सहा भेटी असतात: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. माझं कामाचं दुसरं वर्ष होतं. आषाढ. लग्न झाल्यापासून मला एकदा तरी दिंडीबरोबर पंढरपूरजवळच्या वाखरीपर्यंत चालायचं होतं. तीन दिवसांचा प्रश्न. सगळ्या बाळांच्या तारखा पाहिल्या. एका मळ्यातल्या बाळाचा चौदावा दिवस मध्ये येत होता. बाळ पावणेतीन किलोचं, सातव्या दिवशी चांगलं पीत होतं. मी निघायच्या आदल्या रात्रीच फॉर्म भरून टाकला. अंगावर पितो: होय. ताप: नाही. पोट फुगलं: नाही.

परत आले त्या संध्याकाळी पाय सुजलेले, तरी मन खाई म्हणून मळ्यात गेले. सोळावा दिवस. बाळ लुळं पडलेलं, रडणं मांजराच्या पिल्लासारखं, पोट ताठ. दोन दिवस नीट पीत नव्हतं. मी रागानेच विचारलं, दवाखान्यात का नाही नेलं? त्याची आजी म्हणाली, "तुमीच येणार हुता की परवा. म्हणून वाट बघत हुतो."

जीप मिळाली, तालुक्याला, तिथून सोलापूर. अकरा दिवसांनी बाळ घरी आलं. आज तो शाळेत जातो आणि मला बघितलं की लपतो, लसीच्या भीतीने. मला कुणी रागावलं नाही, कारण कुणाला कळलंच नव्हतं. फॉर्मवर सगळं ठीक होतं. पुढच्या बैठकीत मी गटप्रवर्तक ताईंना, म्हणजे आपल्या कामावर देखरेख करणाऱ्या ताईंना, स्वतःहून सांगितलं, त्यांनी तो फॉर्म माझ्याकडूनच खोडून घेतला.

मला त्या आजीचं वाक्य सुटत नाही. दोन वर्षं मी त्या घराचा विश्वास मिळवायला खपले होते, आणि तो मिळाला होता म्हणूनच ते थांबले. ओळख नसती तर कदाचित आदल्याच दिवशी नेलं असतं. नव्या आशेला मी भीती घालत नाही, पण हे सांगते: लोक तुझी वाट बघायला लागले की तुझ्या तारखा तुझ्या राहत नाहीत. गावाला जायचं असेल तर शेजारच्या आशेला सांगून जा, आणि त्या घरालाही सांग की मी नसणार, पोर प्यायचं थांबलं तर माझ्यासाठी थांबू नका. रजिस्टर आठ दिवस मागे पडलं तरी चालेल, बोलणी खाऊ. न केलेली भेट मात्र लिहायची नाही.

त्यानंतर मी दिंडीत चालले नाही. सुरुवातीची काही वर्षं फार वाईट वाटायचं. सासरे सत्तरीपर्यंत दरवर्षी जायचे, आणि मी पालखी दारावरून जाताना ओआरएसची पाकिटं मोजत बसायची. एकदा चिडून रडले तेव्हा सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "सावतोबा अरणातला मळा सोडून कधी गेला हुता का पंढरीला?" अरण आमच्याच जिल्ह्यातलं, माढा तालुक्यात. पांडुरंगच सावता माळ्याला भेटायला मळ्यात गेला, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली. माझ्यावर लागू करून मात्र तोवर कधी बघितली नव्हती.

वारीच्या दिवसांत आपलं काम काय असतं तेही सांगून ठेवते, कारण या पट्ट्यातल्या नव्या मुली घाबरतात. आधी आठवडाभर विहिरी, टाक्या, टँकर. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर ओटी टेस्ट करायची, म्हणजे नमुन्याच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे; ते पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पिण्यास योग्य. (आमच्या एका मावशीला बरीच वर्षं वाटायचं की मी विहिरीची ओटी भरते.) मग पालखीच्या दिवशी बूथवर बसायचं. निम्मे लोक पायाच्या फोडांसाठी येतात, बाकीचे बीपीची गोळी घरी विसरलेले. म्हाताऱ्या बायका मलम लावून घेताना आपल्याच पाया पडतात. पहिल्यांदा फार अवघड होतं. मग आपणही वाकायचं.

देवाधर्माशी भांडून हे काम होत नाही, निदान माझं झालं नाही. पोटुशी बाई निर्जळी एकादशी धरते, हिमोग्लोबिन सातच्या आसपास, लोहाच्या गोळ्या फडताळात तशाच. मी वर्षभर समजावलं, उपयोग शून्य. शेवटी गावच्या सप्ताहात कीर्तनकार महाराजांना जेवणानंतर गाठलं, हात जोडून म्हणाले, एवढं एक वाक्य तुम्ही बोला. त्यांनी काल्याच्या कीर्तनात सांगितलं की पोटात बाळगोपाळ असताना बाईने उपाशी राहणं म्हणजे घरी आलेल्या देवाला उपाशी ठेवणं. पुढच्या एकादशीला तीन जणींनी भाकरी खाल्ली. सगळ्यांनी नाही. माझ्या वर्षभराच्या बोलण्याने एकीनेही खाल्ली नव्हती, हे विसरू नकोस. तसंच बाळाला पहिलं पाणी, मध, घुटी. थेट "नको" म्हटलं की आजी तुझ्या माघारी पाजणार. मी म्हणते, मध देवापुढे ठेवा, बाळाला आईचा चीकच द्या. पाचवीची पूजा होऊ दे, तिला कशाला हात लावायचा? फक्त त्या खोलीत धूर कोंडू देऊ नका.

अंगारा देणाऱ्या देवर्षीकडे नेलेलं आजारी पोर मात्र वेगळं. तिथे मी गोड बोलत बसत नाही. अंगारा लावा, पण गाडीत बसून लावा.

घरचं थोडक्यात. नवरा पहिली दोन वर्षं कुरकुरला, रात्री बाराला कुणाबरोबर जीपमध्ये जातेस म्हणून गावातल्यांनी त्याचे कान भरले. एका रात्री बाळंतिणींना नेणारी १०२ ची गाडी दुसरीकडे गेलेली, तेव्हा मी त्यालाच ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायला लावली. बाळंतपण दवाखान्याच्या दारातच झालं. त्यानंतर तो फोन वाजला की चप्पल आधी शोधतो. सगळ्यांचे नवरे असे फिरत नाहीत. निवड व्हायच्या आधी घरात सरळ बोलून घे.

आणि मोबाइलवरची माहिती. एकच नाव चार ठिकाणी भरायचं, रेंज नाही, शेवटची तारीख उद्या. याला माझ्याकडे इलाज नाही. शाळकरी पुतण्या कामाला येतो.

शेवटी कोप्यांबद्दल, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांबद्दल. दिवाळीच्या आसपास मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कारखान्याच्या भोवती आणि फडाच्या कडेला कोप्या पडतात. त्या बायका आपल्या यादीत नसतात. पहाटे चारला फडात, सातव्या महिन्यातही डोक्यावर मोळी. माझ्या पहिल्या हंगामात मी तिकडे गेलेच नाही, माझी लोकसंख्या नव्हे म्हणून. दुसऱ्या हंगामात गेले तर कुणी बोलेना. दिवसा गेले होते, कोप्यांत फक्त पोरं. मग रात्री आठनंतर जाऊ लागले, चुलीपाशी. मुकादमाला आधी भेटून ठेवायचं, नाहीतर त्याला वाटतं आपण तक्रारीसाठी आलोय. दर महिन्याच्या ९ तारखेला आरोग्य केंद्रात गरोदर बायकांची तपासणी असते. एक खाडा म्हणजे मजुरी बुडते, त्यामुळे तुम्ही यादी देऊन मोकळ्या झालात तर एकही येत नाही. दोघी-तिघींना एकत्र न्यायचं, दुपारच्या आत परत सोडायचं. माता बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून दे, कोपीत सगळं भिजतं. आणि गावी परत गेल्यावर तिकडच्या आशेला हे कार्ड दाखव, असं दोनदा सांग. इकडे दिलेली लस तिकडे कुणाला माहीत नसते.

गेल्या हंगामात रात्री गेले तर टोळी त्याच दिवशी उतरलेली, अजून कोपीचे बांबूच रोवत होते. अंधारात एक बाई उठली, आधीच्या हंगामात तिच्या पोराला पेंटाचा, पाच रोगांवरच्या लसीचा, तिसरा डोस आमच्याकडे मिळाला होता. नाव मला आठवत नव्हतं. तिने गाठोडं सोडलं, भांड्यांच्या आतून पिशवी काढली, पिशवीतून कार्ड, आणि माझ्या हातात दिलं. म्हणाली, "गोवराची राहिलीय. तिकडं न्हाई घेतली. म्हटलं तुमी यालच."

मी बॅटरीच्या उजेडात तारीख बघितली. नऊ महिने उलटून सोळा दिवस झाले होते. लसीकरणाचा पुढचा दिवस बुधवारी होता.