मेल ‘आलाच नाही’? शोधताना या चुका टाळा

‘ते म्हणतात पाठवला, मला तर मिळाला नाही.’ अशा वेळी बहुतेकदा मेल पोचलेला असतो, आपण भलतीकडे बघत असतो. मग ॲप काढून पुन्हा टाकायचं, पासवर्ड बदलायचा, कंटाळून नवाच आयडी काढायचा. या तिन्हीने मेल सापडत नाही, गुंता मात्र वाढतो.

सगळ्यात नडणारी चूक म्हणजे ॲप आणि अकाउंट एकच समजणं. जीमेलच्या ॲपमध्ये याहूचं किंवा ऑफिसचं अकाउंटही उघडता येतं आणि जीमेलचा आयडी आयफोनच्या किंवा सॅमसंगच्या मेल ॲपमध्येही चालतो. तेव्हा ‘मी जीमेल बघितलं’ यावरून काहीच कळत नाही. कोणत्या आयडीचा इनबॉक्स बघितला? जीमेल ॲपमध्ये वर उजव्या कोपऱ्यातल्या गोलावर बोट ठेवा, फोनमधले सगळे गूगल आयडी दिसतील. पुष्कळांना तिथे दोन-तीन सापडतात. नवा फोन घेताना जुना पासवर्ड आठवेना, म्हणून दुकानातल्या मुलाने झटपट नवं अकाउंट काढून दिलेलं असतं. नाव तेच, फक्त पुढे जन्मसाल. बँकेत, एलआयसीत, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर मात्र जुनाच आयडी. नोटीस तिकडे जाते आणि आपण इकडे वाट बघत बसतो.

म्हणून त्या त्या पोर्टलवर लॉगिन करून प्रोफाइलमधला आयडी अक्षर न् अक्षर वाचा. जीमेलच्या साध्या पत्त्यात नावामधल्या टिंबाने फरक पडत नाही, टिंब द्या वा नका देऊ. आकडा चुकला तर मात्र पत्र थेट परक्याच्या घरी.

जुना आयडी ‘असू दे पडून’ म्हणून सोडून देणंही महागात पडतं. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक अकाउंट गूगल काढून टाकू शकतं, डिसेंबर २०२३ पासून ते काम सुरूही झालं आहे. शिवाय रिकव्हरीला, म्हणजे पासवर्ड विसरल्यास अकाउंट परत मिळवायला, दिलेला नंबर बंद केलात, तर तो पुढे दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. सिम बदललं की त्याच आठवड्यात इथला नंबरही बदला.

आयडी बरोबर आहे आणि तरी मेल नाही? मग सर्चमध्ये नुसतं नाव टाकून हात टेकू नका. साधा सर्च स्पॅममध्ये आणि बिनमध्ये, म्हणजे डिलीट केलेल्या मेलच्या टोपलीत, डोकावतच नाही. इंग्रजीत ‘इन’, त्याला चिकटून कोलन, त्याला चिकटून ‘एनीव्हेअर’, मग जागा सोडून पाठवणाऱ्याचं नाव असं लिहा. आता सगळे कोपरे धुंडाळले जातात. हे लगेच करा, कारण स्पॅम आणि बिनमधले मेल ३० दिवसांनी कायमचे जातात.

अंगठ्याने मेल बाजूला सरकवायची सवय असेल तर तो हटकून ‘ऑल मेल’ या फोल्डरमध्ये सापडेल. जीमेल ॲपमध्ये मुळातलं सेटिंगच असं असतं, की सरकवलेला मेल अर्काइव्ह होतो. म्हणजे इनबॉक्समधून दिसेनासा होतो, पुसला जात नाही. सेटिंग्जमधल्या स्वाइप ॲक्शन्समध्ये जाऊन हे बंदच करावं, असं माझं मत आहे. प्रमोशन्सचा टॅबही एकदा चाळा.

खरा घात होतो तो जागा भरल्यावर. गूगल फुकट देतं ते १५ जीबी, आणि त्यात मेल, ड्राइव्ह, फोटो सगळेच वाटेकरी. १ जून २०२१ पासून चढवलेले फोटो त्यात मोजले जातात, अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही आता त्यातच येतो. जागा संपली की नवा मेल पाठवणाऱ्याकडे परत जातो. नंतर जागा केली तरी तो आपोआप येत नाही, पुन्हा मागवावाच लागतो. सफाई करताना बिनही रिकामा करा. फोटो उडवताना मात्र जपून, बॅकअप चालू असेल तर गूगल फोटोजमधून काढलेला फोटो फोनमधूनही जातो. आणि ‘मेलबॉक्स भरला, इथे क्लिक करा’ असा मेल आला तर त्या लिंकला हात लावू नका. जागा किती उरली ते आपल्या अकाउंटमध्ये जाऊनच बघा.

ऑफिसच्या संगणकावर मेल दिसतो, फोनवर नाही, असं असेल तर संगणकातलं अकाउंट पॉप पद्धतीने जोडलंय का ते विचारा. पॉप मेल उतरवून घेतं आणि बरेचदा सर्व्हरवरून काढूनही टाकतं. त्याऐवजी आयमॅप पद्धत लावून घ्या, तिच्यात मेल सर्व्हरवरच राहतो.

एवढं करूनही हाती काही लागलं नाही, तर पाठवणाऱ्यालाच कामाला लावा. ‘पाठवला’ या शब्दावर थांबू नका, सेंटमधल्या मेलचा पत्ता दिसेल असा स्क्रीनशॉट मागा. मेल परत आल्याची सूचना त्यांच्याकडे आली असेल तर तीही मागा. ‘ॲड्रेस नॉट फाउंड’ असेल तर पत्ता चुकलाय, आणि ‘इनबॉक्स फुल’ असेल तर सफाई तुमच्याकडे बाकी आहे.