देव मानत नसाल तर कोणते कागद आधीच करून ठेवावेत

देव न मानल्याचे परिणाम होतात का, याचं कायद्यातलं उत्तर छोटं आहे. शिक्षा नाही, दंड नाही, कुठलाही नागरी हक्क जात नाही. राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये धर्म आचरण्याच्या आधी सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचा उल्लेख आहे, आणि न मानण्याचा हक्क त्यातच येतो. परिणाम दिसतात ते सरकारी खिडकीवर, शाळेच्या परिपाठात, लग्नाच्या नोंदणीत आणि घरात कोणी गेल्यावरच्या पहिल्या सहा तासांत. तिथे अडतं ते बहुतेक वेळा कागद वेळेवर न केल्यामुळे. म्हणून खाली प्रत्येक ठिकाणी काय करावं ते लिहिलं आहे.

धर्माचा रकाना

मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केलं की कोणत्याही अर्जात धर्म सांगण्याची सक्ती शासन करू शकत नाही आणि ‘मला धर्म नाही’ असं सांगण्याचा अधिकार नागरिकाला आहे. धर्म सोडल्याची नोंद राजपत्रात छापायला शासकीय मुद्रणालयाने नकार दिला, त्यातून हे प्रकरण उभं राहिलं होतं. म्हणजे अर्जात ‘निरंक’ किंवा ‘धर्म नाही’ लिहिता येतं. जनगणनेतही तसंच. २०११ च्या जनगणनेत धर्म न सांगणाऱ्यांची संख्या देशभरात सुमारे २८.६७ लाख होती. प्रगणक घरी आला की उत्तर आपणच सांगावं. नावावरून अंदाज बांधून तो रकाना भरत असेल तर थांबवावं आणि काय लिहिलं ते वाचून दाखवायला सांगावं.

पण इथे एक ठिकाण असं आहे की घाई केली तर नुकसान होतं. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार फक्त हिंदू, शीख आणि बौद्ध धर्म मानणाऱ्यांना मिळतो. शीख त्यात १९५६ मध्ये आले, बौद्ध १९९० मध्ये. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर धर्माच्या जागी ‘निधर्मी’ लिहिलं, तर पुढे जातपडताळणी समितीसमोर त्याच नोंदीवरून प्रश्न येऊ शकतो. अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग यांचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही, तरी तिथेही जातीची नोंद मात्र शाबूत हवी. समिती जुने पुरावे मागते: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. म्हणून आरक्षणाचा हक्क असलेल्या घरांनी शाळेच्या दाखल्याला हात लावू नये. आपली भूमिका जनगणनेत आणि इतर अर्जांत नोंदवावी. यात तत्त्व सोडल्यासारखं काही नाही. जात तुम्ही मानता म्हणून तुम्हाला चिकटलेली नाही आणि मानली नाही म्हणून तिचे चटके थांबत नाहीत.

शाळेतला परिपाठ

पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत दिलं जात असेल, तर पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यात किंवा उपासनेत सहभागी करून घेता येत नाही. कलम २८ चा हा तिसरा खंड. तोंडी सांगू नका, जूनमध्ये वर्ग सुरू होताच मुख्याध्यापकांना पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. मजकूर एवढाच पुरतो:

‘आमचा पाल्य ___, इयत्ता ___, यास राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार धार्मिक उपासना व धार्मिक शिक्षणात सहभागी करून घेण्यास आमची संमती नाही. त्या वेळेत तो वर्गात शांत बसेल. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा व संविधानाचं प्रास्ताविक यांत तो नेहमीप्रमाणे सहभागी होईल.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसलं की मूळ मुद्दा बाजूला पडतो आणि चर्चा राष्ट्रगीतावर जाते. मुलाला एकटं पाडलं जात नाही ना, हे पहिल्या महिन्यात दोनदा विचारून घ्या. पत्र मोठ्यांनी दिलेलं असतं, पण वर्गात बसायचं असतं मुलाला. शिक्षकांनाही हे संरक्षण आहे. प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत म्हणून नाशिकच्या एका शिक्षकाची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली होती, तेव्हा उच्च न्यायालयाने शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला.

साक्ष आणि शपथ

१९६९ च्या शपथ अधिनियमात दोन्ही पर्याय शेजारी शेजारी छापलेले आहेत: ईश्वराला स्मरून शपथ, किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा. साक्षीच्या पिंजऱ्यात शिरस्तेदार सवयीने ‘ईश्वरसाक्ष खरं सांगेन’ म्हणायला लावतात. त्याआधीच न्यायाधीशांकडे पाहून म्हणा, ‘मी प्रतिज्ञेवर साक्ष देईन.’ कारण विचारलं तरी वाद घालायची गरज नाही. दोन्हींचं कायदेशीर वजन सारखं आहे आणि खोटी साक्ष दिल्यास शिक्षाही सारखीच, सात वर्षांपर्यंत कैद. चूक होते ती एकच. काही जण दोन्ही नाकारतात. तो मात्र गुन्हा आहे. प्रतिज्ञापत्र नोटरीकडे करताना छापील मसुद्यात ‘ईश्वरसाक्ष’ असेल तर खोडून त्या जागी ‘सत्यप्रतिज्ञेवर’ लिहा आणि खोडलेल्या जागी दोघांच्या सह्या घ्या.

लग्न

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ‘रजिस्टर लग्न’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली म्हणजे महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत होणारी विवाह नोंदणी. हे आधीच लागलेल्या लग्नाची नोंद करणं आहे. तिथला नमुना ‘ड’ चा अर्ज पुरोहिताची किंवा काझीची माहिती आणि सही मागतो, सोबत लग्नपत्रिका आणि विधीचा फोटो. विधी न केलेली जोडपी इथे येऊन अडकतात, आणि मग कोणीतरी सुचवतं की पाचशे रुपये देऊन एखाद्या गुरुजींची सही आणा. तसं अजिबात करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं आहे की हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न विधींशिवाय लागतच नाही, आणि विधी झालेच नसतील तर नोंदणीच्या प्रमाणपत्राने ते वैध ठरत नाही. उद्या पोटगी, पेन्शन किंवा वारसाहक्काचा दावा आला की तो कागद उभा राहत नाही.

दुसरी, आणि तुम्हाला हवी असलेली, म्हणजे विशेष विवाह अधिनियम, १९५४. यात लग्नच विवाह अधिकाऱ्यासमोर लागतं. लोक ‘कोर्ट मॅरेज’ म्हणत असले तरी हे कोर्टात होत नाही, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात होतं. नोटीस विभागाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइनही देता येते.

वर २१ आणि वधू १८ वर्षं पूर्ण, दोघांचाही जोडीदार हयात नसावा, नातं निषिद्ध पिढ्यांतलं नसावं. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात नोटिशीच्या आधी सलग किमान ३० दिवस राहत असावा लागतो. सोबत वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, छायाचित्रं. घटस्फोटित असाल तर हुकूमनाम्याची प्रत, जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला. कायद्याच्या परिशिष्टातल्या नोटिशीच्या नमुन्यात धर्माचा रकानाच नाही.

नोटीस फलकावर लागते. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिची प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते. घरी अजून सांगितलं नसेल तर बातमी इथून फुटते, हे धरून चाला. पुढच्या ३० दिवसांत कोणीही आक्षेप घेऊ शकतं, पण तो फक्त वय, आधीचं लग्न, नातं, मानसिक सक्षमता अशा कायद्यातल्या अटींवर. ‘आम्हाला हे लग्न मान्य नाही’ हा आक्षेप होत नाही. अधिकारी तो घेऊन बसला तर लेखी उत्तर मागा.

मुदत संपल्यावर तीन साक्षीदार ओळखपत्रांसह घेऊन जा. चौथा एक जण राखीव ठेवा, कारण ऐनवेळी एखाद्याच्या ओळखपत्रावर पत्ता जुळत नाही आणि दिवस वाया जातो. अधिकारी आणि साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना, दोघांना समजेल अशा भाषेत, ‘मी तुला माझा कायदेशीर पती / माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो / स्वीकारते’ असं म्हणावं लागतं. हे वाक्य म्हटल्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही, नुसत्या सह्या पुरत नाहीत. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लावलं नाही तर ती बाद होते आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. हॉल आधी आणि नोटीस मागाहून, असं केलं की तारीख हमखास चुकते.

सत्यशोधक पद्धतीने लग्न करण्याची इच्छा अनेकांची असते. ती परंपरा १८७३ पासूनची आहे. जोतीराव फुल्यांनी पुरोहित नाकारला, पण निर्मिक म्हणजे सृष्टीचा निर्माता मानला, हे लक्षात ठेवून आपला मजकूर निवडावा. तमिळनाडूने पुरोहिताशिवाय होणाऱ्या स्वाभिमान विवाहांना १९६७ च्या दुरुस्तीने थेट मान्यता दिली. महाराष्ट्रात तशी स्वतंत्र तरतूद नाही. म्हणून आधी विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न लावा, मग मांडवात सोहळा करा.

वाटा, वारसा आणि धमक्या

‘अग्नी दिला नाही तर घरात वाटा मिळणार नाही’ हे वाक्य गावोगावी ऐकू येतं. ते खोटं आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ मध्ये वारसा नात्यावर ठरतो. अग्नी कोणी दिला, पिंड कोणी ठेवला, दहाव्याला मुंडण केलं का, याचा त्यात काही संबंध नाही. नास्तिक होणं म्हणजे धर्मांतरही नव्हे. मुस्लीम, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नसलेल्या बहुतेकांना हाच कायदा लागू राहतो.

विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं आणि दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर १९७६ च्या दुरुस्तीमुळे वारशाचा नेहमीचाच कायदा चालतो. जोडीदार वेगळ्या धर्मातला असेल तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू होतो आणि एकत्र कुटुंबापासून विभक्त झाल्याचं धरलं जातं. दोघांनी सगळीकडे ‘धर्म नाही’ लिहिलं असेल तर नक्की कोणता कायदा, यावर नातेवाईक भांडू शकतात. त्याला उपाय मृत्युपत्र. दोन साक्षीदार हवेत, शक्यतो ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे. मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्या.

यात्रेची वर्गणी दिली नाही म्हणून किंवा जातीबाहेर लग्न केलं म्हणून समाजाने वाळीत टाकलं, तर महाराष्ट्रात २०१७ पासून लागू असलेला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पोलीस ठाण्यात तक्रार लेखी द्या आणि बैठकीची तारीख, हजर असलेल्यांची नावं, दवंडी किंवा व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश जोडा. ‘देवीचा कोप होईल’ म्हणत कोणी अघोरी विधी करायला लावत असेल तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. उलट बाजूनेही जपायचं आहे. न मानणं गुन्हा नाही, पण दुसऱ्याच्या श्रद्धेचा जाणूनबुजून, दुष्ट हेतूने अपमान केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आखातात नोकरीला जाणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळावं. सौदी अरेबियाने २०१४ च्या नियमांत नास्तिक विचारांचा पुरस्कार दहशतवादात धरला होता.

शेवटचा दिवस

आपल्यामागे विधी नकोत, देहदान करावं, असं वाटत असेल तर ते मृत्युपत्रात लिहून भागत नाही. मृत्युपत्र उघडलं जातं तेव्हा दहावं उलटून गेलेलं असतं. एका पानावर फक्त या इच्छेचं वेगळं पत्र लिहा, त्यावर जोडीदार आणि सज्ञान मुलांच्या सह्या घ्या आणि प्रत शेजाऱ्यांकडेही ठेवा. देहदानाचा अर्ज जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. तो भरला तरी प्रत्यक्ष वेळी जवळच्या नातेवाइकांनी हरकत घेतली की देह स्वीकारला जात नाही. म्हणून घरातल्या सगळ्यात श्रद्धाळू माणसाशी आधी बोला. बहुधा हरकत त्यांचीच येते, आणि त्यांचं दुःख खरं असतं. त्यांना घरी दिवा लावायचा असेल, अभंग म्हणायचे असतील तर म्हणू द्यावेत. त्याने देहदानाला बाधा येत नाही.

मृत्यू घरी झाला तर पहिलं काम डोळ्यांचं. पापण्या मिटा, त्यावर स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी देऊन ते थोडं उंच करा, पंखा बंद करा. नेत्रपेढीला लगेच फोन करा. नेत्रदान साधारण सहा तासांच्या आत व्हावं लागतं. त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी ओळखीच्या डॉक्टरांना बोलवावं. मृत्यूच्या कारणाचा ४-अ नमुन्यातला दाखला नसेल तर महाविद्यालय दार उघडत नाही, आणि रात्री दोन वाजता अडतं ते बहुतेक वेळा इथेच. अपघात, आत्महत्या, शवविच्छेदन झालेला देह, एचआयव्ही किंवा कावीळ ब यांसारखा संसर्ग असलेला देह घेतला जात नाही. जागा नसल्यानेही नकार येतो, म्हणून दोन महाविद्यालयांचे नंबर लिहून ठेवा. नकार आलाच तर विद्युतदाहिनी आहे. तिथे कोणताही विधी करण्याचं बंधन नाही.

स्मशानातून मृत्यूची नोंद आपोआप पुढे जाते, देहदानात ती साखळी तुटते. महाविद्यालयाची पावती, ४-अ आणि मृताचं आधार कार्ड घेऊन २१ दिवसांच्या आत महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद करा आणि दाखल्याच्या निदान दहा प्रती काढून घ्या. बँक, विमा, पेन्शन, सातबारा, सोसायटी, प्रत्येकाला एक एक लागते.